बुडाला लागू नये म्हणून

गेल्या गणपतीत लालबागला माझ्या मावसभावाकडे गेलो होतो. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, म्हणून लहानपणापासून मी त्याला दादा म्हणतो. खाली रस्त्यावर दर्शनाची रांग, ढोल-ताशांचा दणदणाट. खिडकी लावून घेतली तरी एकमेकांचे बोलणे ऐकू येईना. येताना दादरहून मी खाऱ्या शेंगदाण्यांची पिशवी नेली होती. वहिनींनी ती फोडून शेंगदाणे बशीत ओतले आणि रिकामी पिशवी दादाच्या हातात दिली, जणू ती त्याचीच वस्तू. दादा उठला. मोरीत जाऊन त्याने पिशवी कात्रीने एका बाजूने उभी कापली, उलगडली, नळाखाली दोनदा धुतली, झटकली आणि गॅलरीतल्या दोरीवर चिमटा लावून वाळत घातली. दोरीवर आधीच लोणच्याची एक पिशवी, पापडांची एक आणि सुक्या बोंबलांची एक अशा तिघी लटकत होत्या.

"हे यांचं रोजचं," वहिनी म्हणाल्या. "शेजारणी विचारतात, काय हो, यंदा पिशव्यांचं वाळवण घातलंत का?"

मी हसलो. दादा हसला नाही. टॉवेलला हात पुसत म्हणाला, "मीठ निघून जाऊ दे. भट्टीला मीठ चालत नाही."

हा माणूस २८ वर्षे सिमेंटच्या भट्टीसमोर उभा होता. निवृत्त होऊन त्याला आता तपाहून अधिक काळ लोटला. ती भट्टी लालबागपासून आठशेहून अधिक किलोमीटरवर, चंद्रपूर जिल्ह्यात. पण त्याच्या डोक्यात ती अजून विझलेली नाही.

दादाचे वडील, आमचे काका, लालबागच्या एका गिरणीत बॉयलरवर फायरमन होते. दादाही आयटीआय करून त्याच गिरणीत फिटर म्हणून लागला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढचे सांगायला नको. लालबाग-परळच्या घराघरांत ते सांगून झाले आहे. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी गावी गेले. काका गावी गेले. दादाला १९८४ मध्ये कोणीतरी सांगितले, चंद्रपूरकडे नवे सिमेंटचे कारखाने उभे राहताहेत, तिथे फिटर हवेत. सेवाग्राम एक्स्प्रेसने वर्धा, तिथून पुढच्या गाडीने चंद्रपूर, तिथून एसटी. मावशी रडत होती आणि काका एवढेच म्हणाले, "आगीपाशीच चाललाय ना? मग जमेल."

मी तेव्हा गिरगावातल्या आमच्या चाळीतून फोर्टातल्या बँकेत जात होतो. सिमेंट हा शब्द त्या काळी मुंबईकराच्या कानाला वेगळा लागायचा. चाळीची मोरी दुरुस्त करायची तर दोन गोणी सिमेंटसाठी परमिट लागायचे. सिमेंटच्या वाटपावरून १९८२ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि बॅ. अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले, हे माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवत असेल. त्याच वर्षी नियंत्रण अर्धे उठले, १९८९ मध्ये पुरते उठले. म्हणजे गिरण्या बंद पडत होत्या त्याच सुमारास सिमेंटचे कारखाने उभे राहत होते. दादा एका लाटेतून बाहेर पडून दुसरीत सापडला, इतकेच.

१९९३ मध्ये माझी बदली झाली ती नेमकी त्याच भागात. राजुरा आणि कोरपना या तालुक्यांत जमिनीखाली चुनखडी आहे, शेजारी वर्धा खोऱ्याचा कोळसा. त्यामुळे गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस अशी नावे, जी मुंबईत कोणाला ठाऊक नसतात, ती सिमेंटवाल्यांच्या तोंडी असतात. बँकेने मला तिथल्या एका शाखेचा व्यवस्थापक करून पाठवले. मुंबईच्या माणसाला ती शिक्षाच वाटायची. उन्हाळ्यात पारा ४६-४७ वर. पण दादा तिथे होता, वहिनींच्या हातचे जेवण होते. शिवाय लिहिणाऱ्या माणसाला काहीतरी पाहायला मिळणार होते.

पहिल्याच महिन्यात दादाने मला भट्टी दाखवली. सिमेंटची भट्टी म्हटले की डोळ्यांपुढे वीटभट्टी येते, निदान माझ्या आली होती. प्रत्यक्षात ती एक आडवी पोलादी नळी असते. दादाच्या कारखान्यातली सुमारे ७० मीटर लांब आणि बाहेरून साडेचार मीटर व्यासाची. बेस्टची जुनी डबलडेकर बस जेमतेम उभी राहील एवढी. आतून विटांचे अस्तर. ती किंचित उतरती ठेवलेली असते आणि मिनिटाला तीन-चार फेऱ्यांच्या गतीने अखंड फिरत असते. खालच्या तोंडातून कोळशाच्या भुकटीची ज्वाळा आत सोडतात. वरच्या टोकाला पंचवीस मजली इमारतीएवढा उंच मनोरा. त्यात एकाखाली एक मोठाले नरसाळ्यासारखे डबे असतात, त्यांना सायक्लोन म्हणतात. चुनखडी, माती, थोडे लोहखनिज यांचे मैद्यासारखे बारीक दळलेले पीठ मनोऱ्याच्या माथ्यावर टाकतात. भट्टीतला गरम वायू वर चढतो, पीठ त्यातून खाली उतरते, उतरता उतरता तापते. मनोऱ्याच्या तळाशी येईपर्यंत ते ८५०-९०० अंशांवर पोचलेले असते. मग भट्टीत शिरून १४५० अंशांपर्यंत भाजले जाते. दुसऱ्या टोकाने करड्या-काळ्या गोट्या बाहेर पडतात, तो क्लिंकर. त्यात थोडे जिप्सम घालून दळले की झाले आपले सिमेंट.

मी काळी काच डोळ्यांपुढे धरून त्या तोंडातून आत पाहिले. पांढरट ज्वाळा आणि तिच्याभोवती गरगरणारी, लाव्ह्यासारखी दिसणारी भिंत.

"ती भिंत दिसते ना, ती विटांची नाही," दादा ओरडून सांगत होता. "ती मालाची आहे. मालच विटांना चिकटतो. आम्ही त्याला कोटिंग म्हणतो. ते नसेल तर विटा आठवड्यात उडतील."

"मग चिकटणं चांगलंच की."

"तुझ्या आईचा बिडाचा तवा आठव."

हे मला लगेच कळले. गिरगावच्या घरात आईचा एक बिडाचा तवा होता, आजीकडून आलेला. घावन त्याच्यावरच व्हायचे. तो तवा कोणी घासायचा नाही असा दंडक होता, कारण वर्षानुवर्षांच्या तेलाचा पातळ थर त्यावर बसला होता आणि त्या थरामुळेच घावन सुटून यायचे. एकदा पाहुण्या आलेल्या आत्याने तो चांगुलपणाने राखेने लख्ख घासून ठेवला. पुढचे पंधरा दिवस घावनाचे लगदे खाल्ले आम्ही. पण तोच तवा कोणी करपवला, कडेला जळकी खरवड साचली, की आई तीही काढायची. थर हवा, तो हवा तिथे आणि हवा तेवढाच. भट्टीचे सगळे शास्त्र म्हटले तर एवढेच आहे. फक्त हा तवा ७० मीटर लांब, फिरता आणि कधीही न विझणारा असतो.

नको तिथे साचले तर काय होते, तेही दादाने दाखवले. भट्टीच्या आत माल कड्यासारखा गोल जमत जातो. त्याला रिंग म्हणतात. नळीचा गळा आवळला जातो, मागे माल तुंबतो, पुढे वारा मिळत नाही. भट्टीच्या बाहेरच्या तोंडाशी क्लिंकर पडता पडता ढीग होऊन गोठतो, त्याला हे लोक चक्क 'स्नोमॅन' म्हणतात. चंद्रपूरच्या उन्हात हिमपुतळा! परदेशात काही कारखान्यांत भट्टीतली रिंग पाडायला खास बंदूक ठेवतात. भट्टी चालू असतानाच तोंडातून शिशाच्या गोळ्या झाडून ते कडे फोडायचे. हे ऐकून मला फार गंमत वाटली होती. पण सर्वांत वाईट जागा म्हणजे मनोऱ्याच्या तळाचा सायक्लोन. तिथे नरसाळ्याचे तोंड अरुंद, पीठ तापून चिकट व्हायला आलेले. एकदा कडेला धरले की थरावर थर. तासाला दोनशे टनांच्या आसपास पीठ वरून येतच असते. तोंड बंद झाले तर दहा मिनिटांत तीस टनांहून अधिक तापलेले पीठ त्या डब्यात उभे राहते.

आणि मग कोणीतरी पहार घेऊन जायचे असते.

१९९५ चा जुलै. मुसळधार पाऊस. रात्रपाळीला तळाचा सायक्लोन जाम झाला. भट्टी थांबवली. खालून छोटी झडप उघडून लांब पहारीने ढोसायचे, वरून दाबाची हवा सोडायची, असा तेव्हाचा रिवाज. असे पूर्वीही अनेकदा झाले होते आणि निभावले होते. दादा पाळीचा बर्नर म्हणून वर गेला. त्याच्याबरोबर दोन कायम कामगार आणि कंत्राटदाराची तीन पोरे. तासभर काही हलेना. मग एकाएकी हलले.

तापलेले ते पीठ ढेकळासारखे पडत नाही. हवा मिसळली की ते पाण्यासारखे वाहते. ८०० अंशांचे पाणी. ते झडपेतून फवारा उडावा तसे आले. दादा बाजूला होता. त्याचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला. झडपेसमोर जो होता तो कोरपना तालुक्यातल्या एका खेड्यातला, २२ वर्षांचा पोरगा. अंगात सुती शर्ट. असल्या कामाला लागतो तो चंदेरी, आग परतवणारा पोशाख कारखान्यात होता. दोन होते, आणि ते कपाटात होते. कपाटाची किल्ली दिवसपाळीच्या माणसाकडे होती.

नागपूरच्या इस्पितळात नवव्या दिवशी तो गेला.

महिन्याभराने त्याचे वडील माझ्या केबिनमध्ये आले. पोराचे आमच्या शाखेत बचत खाते होते. शिल्लक ११४० रुपये. वारसाचे नाव नोंदवलेले नव्हते. खाते उघडतानाच्या फॉर्मवर ती ओळ कोरी होती आणि खाली सही माझी होती. नामनिर्देशनाचे नियम १९८५ पासून होते. ग्राहकाला विचारून ती ओळ भरून घ्यावी, एवढे साधे काम. पण बाजाराच्या दिवशी काउंटरवर गर्दी असते, पोरगा घाईत असतो, आणि २२ वर्षांच्या माणसाला तुझ्यानंतर पैसे कोणाला द्यायचे हे विचारणे आपल्यालाच अवघड वाटते. मी विचारले नव्हते.

पहिल्या खेपेला मी त्यांना मृत्यूचा दाखला आणायला सांगितला. दुसऱ्या खेपेला स्टँपपेपर. तिसऱ्या खेपेला दोन जामीनदार. सगळे नियमाप्रमाणे. बस भाडे आणि बुडालेली मजुरी धरली तर त्या ११४० तले किती त्यांच्या हाती राहिले असतील, हा हिशेब मी नंतर मांडला. बँकेच्या माणसाला असे हिशेब उशिरा सुचतात.

तिसऱ्या खेपेला अंगठा उठवून, पैसे धोतराच्या सोग्यात बांधून ते उठले. दारापर्यंत गेले, परत आले. म्हणाले, "साहेब, तुमचे भाऊ तिथंच हायेत म्हणतात. एक इचारू का जी? आत नेमकं काय अडकून होतं?"

मला सांगता आले नाही. मी म्हणालो, माल अडकला होता. ते म्हणाले, "हो जी," आणि गेले.

त्यानंतर त्या प्रश्नाच्या मागे मी लागलो. दादाला विचारले, कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या एका केमिस्टला विचारले. पुढे मुंबईला परत आल्यावर चर्चगेटच्या सिमेंट हाउसवरून जाताना मला तो प्रश्न आठवायचा. १९३६ मध्ये दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन झालेल्या ए.सी.सी.ची मुख्य कचेरी कित्येक दशके त्या इमारतीत होती. नंतर कर्जविभागात असताना सिमेंटचे प्रकल्प अहवाल माझ्या टेबलावर यायचे. 'भट्टी बंद राहिलेले दिवस' असा एक रकाना त्यात असतो. इतर अधिकारी त्यावरून नफा-तोटा पाहायचे. मला तिथे पहार घेतलेली पोरे दिसायची.

तर आत काय अडकलेले असते? चुनखडी नव्हे. चुनखडीचे पीठ ९०० अंशांना चिकट होत नाही. चिकट करणारी मंडळी वेगळीच आणि प्रमाणाने अगदी थोडी: पोटॅशियम, सोडियम, गंधक आणि क्लोरीन. पहिले दोन बहुधा मातीतून येतात, गंधक कोळशातून. भट्टीच्या ऐन आगीत ही मंडळी वाफ होऊन उडतात. वायूबरोबर मागे मनोऱ्यात जातात. तिथे पीठ त्यामानाने थंड, म्हणून त्याच्या कणांवर दवासारखी बसतात. ते पीठ खाली उतरून पुन्हा भट्टीत येते, ही मंडळी पुन्हा उडतात, पुन्हा मागे जातात. बाहेर पडायला वाट नाही. नवा माल रोज थोडी थोडी भर घालतोच आहे. असे चक्र फिरत राहिले की मुळात चिमूटभर असलेली गोष्ट मनोऱ्याच्या तळाशी कित्येक पटींनी जमते. (आमच्या धंद्यात अशाच चक्राला थकीत कर्जाचे नूतनीकरण म्हणत. जुने व्याज नव्या कर्जातून फेडायचे आणि खाते चांगले दाखवायचे.) या क्षारांची मिश्रणे ७०० अंशांच्या आसपासही वितळतात. मग प्रत्येक कणाला डिंकाचा पातळ लेप बसतो. भिंत दिसली की कण तिला धरतो, त्याला दुसरा धरतो, आणि उष्णतेत ते सगळे दगड होते.

हे कळल्यावर लक्षात येते की पहार हा इलाजच नव्हे. पहार म्हणजे इलाज चुकल्याची खूण. खरा इलाज मनोऱ्याच्या माथ्यावर, त्याच्याही आधी खाणीत आणि कोळशाच्या यार्डात आहे: आत काय जाते त्यावर नजर ठेवणे. पिठाचे प्रमाण तासातासाला तपासून स्थिर राखायचे. कोळसा कोरडा आणि बारीक हवा. ज्वाळेला वारा पुरेसा हवा, कारण प्राणवायू कमी पडला की जे गंधक क्लिंकरबरोबर बांधले जाऊन निघून जायचे तेही सुटून वर उडते. गंधक आणि पोटॅशियम-सोडियम यांचा मेळ असेल तर दोघे हात धरून क्लिंकरमधून बाहेर पडतात. मेळ बिघडला की उरलेला आत हिंडत राहतो. दादाचे म्हणणे, त्या आठवड्यात कोळसा बदलला होता, यार्डात भिजलेला होता, ज्वाळा लांबुळकी आणि धुरकट होती. त्याने पाळीच्या वहीत तसे लिहिलेही होते. पण भट्टी थांबवायची म्हणजे विटा थंड होऊन तडकतात, पुन्हा तापवायला दिवस जातो, उत्पादनाचा आकडा पडतो. वरून निरोप आला, चालवा. चालवली.

तिथल्या विटा पुढे बदलल्या. माल सहज धरणार नाही अशा, सिलिकॉन कार्बाइडच्या विटा आता अशा जागी लावतात. मनोऱ्याला ठिकठिकाणी हवेच्या तोफा बसल्या. टाकीत दाबून धरलेली हवा ठरावीक वेळाने एका झटक्यात आत सुटते आणि कोवळा थर धरायच्या आतच उडवते. धप्प असा आवाज होतो. दादा म्हणतो, नव्याने बसल्या तेव्हा रात्री कॉलनीतली मुले दचकून उठायची, मग त्याशिवाय झोपेनाशी झाली. सायक्लोनच्या तोंडाशी दाब मोजणारी उपकरणे आली. दाबाचा आकडा हलला की नियंत्रण कक्षात घंटा वाजते आणि तोंड पुरते बंद व्हायच्या आधी माल थांबवता येतो. ढोसायची वेळ आलीच तर झडपेसमोर उभे राहायचे नाही, पोशाख अंगात असल्याशिवाय मनोऱ्यावर चढायचे नाही, इतर सगळ्यांना खालच्या मजल्यांवरून हटवायचे. ही शिस्त आता लिहिलेली असते. पुढे त्या कपाटाला कुलूप नव्हते, असे दादा सांगतो. कोणी काढले ते तो सांगत नाही. मला अंदाज आहे.

आमचे काका सांगायचे, गिरणीच्या बॉयलरमध्ये पाण्याचा क्षार धरतो, त्याची खपली नळ्यांवर बसते, आणि वर्षातून एकदा बॉयलर थंड करून सरकारी इन्स्पेक्टरसमोर उघडावाच लागतो. तो १९२३ चा कायदा. गोऱ्या साहेबाने केलेला असला तरी काकांना त्याचा अभिमान होता. "इन्स्पेक्टर येतो म्हणून मालक खपली काढतो," असे ते म्हणत. दादाच्या भट्टीजवळ तसा ठरलेल्या तारखेला येणारा कोणी नव्हता. कारखान्यांचा कायदा होता, निरीक्षकही होते, पण सायक्लोनच्या आत वाकून पाहणारा नव्हता. मला हा फरक मोठा वाटतो.

आता मिठाकडे येतो.

क्लोरीन मातीत आणि कोळशात असतो तो नगण्य. दादाच्या उमेदीच्या काळात त्याची कोणी फार चिंता करत नसे. पण गेल्या वीस वर्षांत सिमेंटच्या भट्ट्यांत एक नवे इंधन जाऊ लागले आहे, आणि ते तुमच्या-माझ्या घरातून जाते. शहराच्या कचऱ्यातले प्लास्टिक, चिंध्या, कागद, रबर निवडून, वाळवून, चिरून त्याचे इंधन करतात. देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. तिथे २०१६ च्या जानेवारीत लागलेली आग आणि तो धूर आठवत असेल. मुलुंडची कचराभूमी २०१८ मध्ये बंद झाली आणि तिथले जुने डोंगर चाळून उपसायचे ठरले. चाळल्यावर जे जळण्याजोगे उरते त्याला कुठेतरी जावेच लागते. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही, असे इंधन तयार करणाऱ्या प्रकल्पापासून १०० किलोमीटरच्या आतल्या उद्योगांनी आपल्या इंधनाचा किमान ५ टक्के भाग त्यातून भागवावा, असे सांगितले. सिमेंटच्या भट्टीला हे मानवते. तिची आग इतकी तीव्र आणि माल तिथे इतका वेळ राहतो की प्लास्टिक पुरते जळते, राखही सिमेंटमध्येच जाते. कचराभूमीवर धुमसण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे, असे माझे मत आहे. ज्यांना धुराची शंका वाटते त्यांनी ती विचारत राहावी, तेही बरेच.

पण आपला कचरा खारट असतो. मुंबईचा तर फारच. लोणच्याचा खार, पापड, फरसाण, वेफर्सची पुडकी, सुकी मासळी, कोलंबीची टरफले, सगळे एकाच काळ्या पिशवीत. प्लास्टिकच्या साध्या पिशवीत क्लोरीन नसतो. तिला लागलेल्या मिठात असतो. आणि पीव्हीसीत तर वजनाच्या निम्म्याहून अधिक क्लोरीनच: जुने रेनकोट, वायरींची आवरणे, रेक्झिन, फुटके पाइप. भट्टीवाल्यांचा ढोबळ हिशेब असा आहे की एक टन क्लिंकरमागे ३०० ग्रॅमच्या आसपास क्लोरीन झाला की मनोरा कुरकुरायला लागतो. खाण्याच्या मिठात वजनाने ६० टक्के क्लोरीन असतो. म्हणजे टनाला अर्धा किलो मीठ. लग्नाच्या पंगतीचे वरण खारट होईल की नाही असे प्रमाण, पण भट्टीचा गळा धरायला पुरते.

त्यावर उपाय आहे. भट्टीच्या मागच्या तोंडाशी, जिथे ही वाफ सर्वांत दाट असते, तिथून थोडा वायू बाजूला ओढून घ्यायचा, एकदम थंड करायचा आणि त्यातले क्षार धुळीबरोबर बाहेर काढायचे. त्याला बायपास म्हणतात. आपल्याकडे हृदयाला करतात तसाच. त्यात उष्णता वाया जाते, खर्च मोठा, शिवाय ती खारी धूळ टाकायची कुठे हा प्रश्न राहतोच. दुसरा उपाय कचऱ्याचे इंधन करणाऱ्या ठिकाणी: ओला कचरा त्यात मिसळू द्यायचा नाही, पीव्हीसी निवडून काढायचे, प्रत्येक खेपेचा क्लोरीन तपासायचा. तिसरा उपाय दादाच्या मोरीत.

मी त्याला त्या दिवशी हटकले. म्हटले, "दादा, या मुंबईत रोज सहा-साडेसहा हजार टन कचरा निघतो. तुझ्या चार पिशव्यांनी काय होणार आहे? आणि त्या कुठल्या भट्टीत जातील हे तुला ठाऊक तरी आहे का?"

"काही होणार नाही," दादा म्हणाला. "ठाऊकही नाही."

"मग?"

त्याने उत्तर दिले नाही. डाव्या हाताची बाही खाली ओढली. त्या हाताची कातडी अजून मेणासारखी चकचकीत आहे, म्हणून तो मुंबईच्या घामातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो. मग म्हणाला, "त्या पोराचा बाप तुझ्याकडे आला होता, तसा माझ्याकडेही आला होता. तुला विचारलं तेच मला विचारलं. मी त्याला सांगितलं, की बाबा, पाऊस होता, कोळसा ओला होता. तो म्हणाला, ओला होता हे तुम्हाला दिसलं होतं का जी? मी म्हटलं, हो."

एवढ्या वर्षांत हे त्याने मला सांगितले नव्हते.

वहिनींनी चहा आणला. खाली रांग पुढे सरकली असावी, कारण एकदम मोठा गलका झाला. दादा उठून गॅलरीत गेला. दोरीवरच्या वाळलेल्या पिशव्या त्याने एक एक काढल्या, तळव्याने सपाट केल्या, चौघडी घातली आणि सुक्या कचऱ्याच्या डब्यात रचून ठेवल्या. शेंगदाण्यांची पिशवी अजून ओली होती. ती त्याने उलटी करून पुन्हा चिमट्याला लावली.

निघताना वहिनींनी मला सुक्या बोंबलांचा पुडा दिला, कोकणातून कोणी आणलेला. दादाने जिन्यापर्यंत येऊन सांगितले, "पिशवी टाकू नकोस. पुढच्या खेपेला आण इकडे."